लक्ष्य आणि लक्षण

जी व्यक्ती बंदिशी रचते आणि त्याचबरोबर विद्यापीठात संगीतशास्त्राचे अध्यापन करते, तिच्यापुढे एक प्रश्न निरनिराळ्या रूपांनी पुन्हा पुन्हा उभा राहतो. गायक स्नेही तो आदबीने विचारतात, विद्यार्थी संकोचाने विचारतात, आणि मैफलींचे जुने जाणकार श्रोते तर उत्तर ठाऊक असल्याच्या आत्मविश्वासाने विचारतात, की थाट, श्रुती आणि वादी-संवादी यांची चर्चा दिवसभर करणाऱ्याला काही सुचते तरी कसे? या प्रश्नाच्या मुळाशी अशी समजूत असते की, सुचणे हा एक प्रांत आणि समजावून सांगणे हा दुसरा, आणि या दोन प्रांतांच्या सरहद्दीवर कायमचे वैर आहे. माझ्या व्यवसायाचा बहुतेक काळ मी या दोन्ही प्रांतांत वावरले असल्यामुळे, आणि एकातील कामाच्या आधारानेच दुसऱ्यातील काम उभे राहिले असा माझा अनुभव असल्यामुळे, त्या अनुभवाचा वृत्तान्त सविस्तर नोंदवावा असे वाटते. थोडक्यात सांगायचे तर, बंदिश हे रागाविषयी केलेले एक विधान असते, आणि ते विधान कितपत नेमके आहे हे कानाने व बुद्धीने तपासण्याची जी रीत, तिलाच मी शास्त्र समजते. रचना करणारा ही तपासणी कळत-नकळत करीतच असतो. अध्यापनाने ती मला उघडपणे, दुसऱ्याला समजेल अशा शब्दांत करावी लागली, एवढाच काय तो फरक.

माझे गाण्याचे शिक्षण गुरुगृही झाले. आमचे गुरुजी प्रारंभी रागाचे नाव सांगत नसत. आरोह-अवरोहाचा तर उच्चारही होत नसे. एक अस्ताई, तिच्यामागून तिचा अंतरा, मग त्याच रागातली दुसरी, वेगळ्या तालातली बंदिश, असा क्रम चालत राही, आणि अशा काही रचना कंठस्थ झाल्या म्हणजे राग कोठून निघतो, कोठे विसावतो, कोणत्या स्वराला नुसता स्पर्श करून पुढे जातो, हे गळ्यालाच उमगू लागे. पुढे विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यासासाठी आल्यावर पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचा ‘हिंदुस्थानी संगीत-पद्धति’ हा मराठी ग्रंथ हाती आला. हा ग्रंथ गुरुशिष्यसंवादाच्या रूपाने लिहिला आहे. शिष्य शंका काढतो, गुरू तिचे निरसन करतो, आणि जेथे परंपरांत मतभेद आहेत तेथे ते मतभेद लपवून न ठेवता तो शिष्यापुढे मांडतो. ते संवाद वाचताना मला जाणवले की, गुरुजींनी बंदिशींच्या द्वारे जे सांगितले होते तेच येथे वाक्यांच्या द्वारे सांगितले जात आहे, आणि क्वचित दोहोंत विसंगती आढळली तर ती विसंगती हाच पुढच्या विचाराचा आरंभ असतो. प्रचारात असलेल्या गाण्याला आपल्या ग्रंथकारांनी लक्ष्य म्हटले आणि त्याच्या व्याख्येला लक्षण. आणि लक्ष्य बदलले की लक्षणाने त्याच्यामागून जावे, हा दंडक भातखंड्यांनी आपल्या साऱ्या लेखनात पाळला.

आपल्या शास्त्रकारांच्या चरित्रांकडे पाहिले तर एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. यादव नृपती सिंघण याच्या काळी, तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, देवगिरी येथे ‘संगीतरत्नाकर’ लिहिणारा शार्ङ्गदेव हा राज्याच्या श्रीकरणाचा, म्हणजे हिशेब आणि दप्तर यांच्या खात्याचा, अधिकारी होता. भातखंडे हे वकिलीचे शिक्षण घेतलेले व तो व्यवसाय केलेले गृहस्थ. बावीस श्रुतींची गणिताने व प्रयोगाने चिकित्सा करून 1910 मध्ये त्याविषयी इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध करणारे कृष्णाजी बल्लाळ देवल हे डेप्युटी कलेक्टर होते, आणि त्यांच्या प्रयोगांना गळ्याची साथ दिली ती अब्दुल करीम खाँसाहेबांनी. जमाखर्च, साक्षीपुरावा आणि मोजणी यांच्या शिस्तीत ज्यांची बुद्धी घडली, त्यांनी गाण्यासारख्या क्षणात विरून जाणाऱ्या वस्तूची नोंद ठेवण्याचे कार्य हाती घ्यावे, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. कारण नोंद ठेवणाऱ्याला ज्याची नोंद ठेवायची त्या वस्तूविषयी प्रेम नसेल, तर एवढे परिश्रम तो घेणार नाही. शार्ङ्गदेवाने तर वाग्गेयकाराची, म्हणजे शब्द व स्वररचना दोन्ही करणाऱ्याची, लक्षणेही सांगितली आहेत. शब्दरचना रम्य परंतु स्वररचना मंद असेल, तर त्या वाग्गेयकाराला त्याने अधम ठरवले. उलट स्वररचना समृद्ध आणि शब्द दुबळे असतील, तर मध्यम. सात शतकांहून अधिक काळापूर्वी आपल्याच भूमीत केलेला हा निवाडा रचना करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने मनाशी बाळगावा, असे मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते.

विभागात अध्यापक म्हणून माझी नेमणूक झाली तेव्हा अभ्यासक्रमाची विभागणी रूढ शिरस्त्याप्रमाणे होती: सकाळी प्रात्यक्षिक, दुपारी शास्त्र. प्रात्यक्षिकाच्या तासाला जी मुले-मुली डोळे मिटून तल्लीन होऊन गात, तीच दुपारी वह्या उघडून व्याख्या उतरून घेत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कर्तव्य पार पाडण्याचा भाव दिसे. नेटसारख्या परीक्षांची तयारी करणाऱ्यांना तर रागांची कोष्टके मुखोद्गत असत. वादी, संवादी, थाट, जाती, समय हा तपशील ती न अडखळता सांगत. यात त्यांचा दोष मला कधीही वाटला नाही. परीक्षेने जे मागितले ते त्यांनी दिले होते. परंतु ज्या रागाचा वादी गांधार आहे असे विद्यार्थिनीने लिहिले, तो राग तिने सकाळी गायला तेव्हा गांधारावर ती खरोखर थांबली होती काय, हा प्रश्न तिला कोणी विचारलेलाच नव्हता. आणि हा प्रश्न विचारल्यावाचून वादी या संकल्पनेला काहीही अर्थ उरत नाही. तेव्हा शास्त्राच्या तासाला तंबोरा आणायचा, आणि प्रत्येक लक्षण एखाद्या रचनेवर, शक्य तर स्वतः केलेल्या रचनेवर, पारखून पाहायचे, अशी पद्धत मी हळूहळू अंगीकारली.

या पद्धतीचे सर्वांत फलदायी उदाहरण म्हणजे मारवा, पूरिया आणि सोहनी हे तीन राग. तिन्हींत स्वर तेच: षड्ज, कोमल रिषभ, शुद्ध गांधार, तीव्र मध्यम, शुद्ध धैवत, शुद्ध निषाद; पंचम तिन्हींत वर्ज्य. स्वरांची यादी हेच जर रागाचे स्वरूप असते, तर तीन नावांचे प्रयोजनच नव्हते. मारवा रिषभ-धैवतांवर उभा राहतो आणि षड्जाला दीर्घकाळ झाकून ठेवतो. पूरिया मंद्र सप्तकात निषाद-गांधारांच्या संगतीने रेंगाळतो. सोहनी तार षड्जाच्या आसपास चंचलपणे वावरते. हे सारे ग्रंथांतून लिहिलेले आहे व विद्यार्थ्यांना पाठही असते. मी त्यांना सांगते की, मध्यलय त्रितालात मारव्याचा एक मुखडा रचून आणा. शब्द साधे असोत, नवव्या मात्रेपासून उठाव घ्या, आणि सम कोणत्या स्वरावर ठेवायची ते तुमचे तुम्ही ठरवा. एका वर्षी एका विद्यार्थिनीने फार गोड मुखडा रचून आणला. स्वर मारव्याचे, शब्द सायंकाळचे, आणि सम गांधारावर. तिने तो दोन-तीनदा आवर्तून म्हटला, तेव्हा वर्गातला एक मुलगा म्हणाला, “ताई, हा पूरिया वाटतोय.” ती म्हणाली, “पण मी एकही स्वर मारव्याबाहेरचा घेतलेला नाही.” मी तिला तोच मुखडा शब्द न बदलता, केवळ सम कोमल रिषभावर येईल असा वळवून म्हणायला सांगितले. तिने थोडा वेळ गुणगुणून तो वळवला, आणि वर्गातल्या प्रत्येकाला बदल ऐकू आला. सम हे तालाचे स्थान असले, तरी त्या स्थानी जो स्वर येतो त्याला कान मुक्काम मानतो, आणि मुक्काम बदलला की राग बदलतो. वादीचे लक्षण यापेक्षा स्पष्टपणे कोणत्याही व्याख्येने सांगता येणार नाही.

त्याच तासाला पुढचा प्रश्न उभा राहिला, आणि तो अधिक अवघड होता. प्राचीन शास्त्रकार भरत याच्या मते ज्या दोन स्वरांत नऊ किंवा तेरा श्रुतींचे अंतर असेल ते परस्परांचे संवादी. म्हणजे षड्ज-मध्यमाचे किंवा षड्ज-पंचमाचे नाते ज्यांच्यात असेल ते. मारव्यात वादी कोमल रिषभ व संवादी शुद्ध धैवत मानतात. परंतु या दोहोंत पंचमभावही नाही आणि मध्यमभावही नाही. मग त्यांना संवादी म्हणायचे ते कोणत्या आधाराने? काही विद्यार्थ्यांनी ग्रंथाचा दाखला पुरेसा मानला, काहींनी नियमच टाकून द्यावा असे सुचवले. मला दोन्ही मार्ग घाईचे वाटले. आम्ही तंबोऱ्याची पंचमाची तार चढवून धैवतावर लावली आणि मारवा गाऊन पाहिला. मग ती निषादावर लावून पाहिला. तेव्हा असे दिसले की, येथे रिषभ व धैवत एकमेकांशी जुळतात म्हणून नव्हे, तर दोघेही षड्जाशी सारख्याच हट्टाने जुळवून घेत नाहीत म्हणून एकत्र नांदतात. मारव्याची जी व्याकुळता आपण वर्णितो ती या सामाईक अस्वस्थतेतून निर्माण होते. भरताचा संवाद ध्वनींच्या नात्याचा होता, आणि भातखंड्यांच्या काळापर्यंत त्या संज्ञेवर रागातील भूमिकेचा अर्थ चढला होता. हा निष्कर्ष अंतिम आहे असा माझा आग्रह नाही. परंतु त्यानंतर मी स्वतः मारव्यात जी झपतालाची बंदिश रचली, तिच्यात पहिल्या ओळीची सम रिषभावर व दुसऱ्या ओळीची धैवतावर ठेवली, आणि अंतऱ्याच्या अखेरीपर्यंत षड्जावर एकही न्यास येऊ दिला नाही. वर्गातल्या त्या चर्चेवाचून ही रचना मला सुचली नसती, हे मी निःशंकपणे सांगू शकते.

श्रुतींचा विषय शिकवताना मोठी अडचण येते ती पेटीची. आजच्या बहुतेक मुलांचा कान पेटीवर किंवा कळफलकाच्या वाद्यावर घडलेला असतो, आणि त्या वाद्यांत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली व ती अनेक दशके टिकली. त्या बंदीत अन्यायही होता, कारण पेटीने संगीत घरोघर नेले हे कोणी नाकारू शकणार नाही. तेव्हा पेटीविरुद्ध भाषण करण्याऐवजी मी मुलांना तंबोऱ्याजवळ बसवते. जवारी नीट लागली, घोडीवर धागा योग्य जागी सरकला, म्हणजे खर्जाच्या तारेतून काही वेळाने गांधार ऐकू येऊ लागतो; कोणीही तो छेडलेला नसतो, तरी तो असतो. तारेच्या कंपनांतला हा पाचवा अंश आहे, आणि त्याचे षड्जाशी असलेले प्रमाण पाचास चार हे आहे. मग आम्ही पेटीचा गांधार त्याच्याशेजारी धरतो. तो किंचित चढा आहे हे बहुतेकांना लगेच कळते. ज्यांना लगेच कळत नाही त्यांना काही दिवसांनी कळते, आणि कळल्यावर त्यांच्या गळ्यातला यमन कायमचा बदलतो. देवलांनी तारांची लांबी मोजून जे सिद्ध करू पाहिले, त्याचा अनुभव मिरजेच्या कारागिराने घडवलेला तंबोरा कोणतेही गणित न मांडता देतो. परंतु अनुभव आल्यानंतर गणित मांडले म्हणजे तो अनुभव स्थिर होतो व दुसऱ्याच्या स्वाधीन करता येतो. अध्यापनाचे प्रयोजन हेच आहे.

रचनेचे काम मी बहुधा रात्री करते, आणि त्याची सुरुवात शब्दांपासून होत नाही. प्रथम एखादी स्वरसंगती कित्येक दिवस मनात घोळत राहते. मग तिला लय मिळते, लयीतून ताल ठरतो, आणि सर्वांत शेवटी अक्षरे येतात. मराठीत ख्यालाची बंदिश रचण्याचा ध्यास घेतल्यावर अक्षरांचा हा टप्पा मला सर्वांत कठीण गेला. ख्यालाच्या परंपरागत ब्रजभाषेत जोडाक्षरे झिजून सुटी झालेली असतात, धर्माचे धरम आणि दर्शनाचे दरस झालेले असते, त्यामुळे कोणत्याही अक्षरावर आलाप पसरता येतो. मराठी प्रमाणभाषेत जोडाक्षरे ठसठशीत आहेत, आणि शब्दाच्या अखेरचा अकार आपण बोलताना गिळतो. तेथे स्वराला आधार उरत नाही. यावर उपाय मला वारकरी भजनाने दाखवला. तेथे अंत्य अकार पूर्ण उच्चारून गाण्याची रीत अद्याप टिकून आहे, आणि ओवी-अभंगांच्या शब्दकळेत दीर्घ स्वर विपुल आहेत. त्या वळणाचे शब्द योजून, समेच्या जागी आकारान्त किंवा एकारान्त अक्षर येईल अशी काळजी घेऊन मी काही विलंबित रचना केल्या. नाट्यसंगीताने मराठी शब्द रागात किती सुंदर नांदू शकतात हे भास्करबुवा बखल्यांच्या काळीच सिद्ध केले आहे. परंतु नाट्यपदाला अर्थ शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा असतो, तर विलंबित ख्यालात एकेका अक्षराने स्वरविस्ताराचा भार वाहायचा असतो, आणि म्हणून तेथे अक्षरांची निवड वेगळ्या निकषांनी करावी लागते. हा भेद आता मी उच्चारशास्त्र व छंद यांच्या तासाला शिकवते, आणि विद्यार्थी त्याची उदाहरणे आपल्या गावच्या भजनांतून शोधून आणतात.

नवे राग निर्माण करावेत काय, असा प्रश्न तरुण रचनाकार हमखास विचारतात. हिशेबाने पाहिले तर वाव मोठा आहे. षड्ज व पंचम अचल धरून उरलेल्या पाच स्वरांची दोन-दोन रूपे घेतली, तर सात स्वरांचे 32 मेळ होतात. त्यांपैकी भातखंड्यांनी 10 थाट म्हणून निवडले, कारण तत्कालीन प्रचारातल्या रागांचे वर्गीकरण तेवढ्यांत करता येईल असे त्यांना वाटले. दाक्षिणात्य पद्धतीत व्यंकटमखीने 72 मेळांची योजना सांगितली. मधुवंतीसारखा राग या 10 थाटांपैकी एकातही नीट बसत नाही, हे विद्यार्थ्यांनाही दिसते. तथापि कोष्टकातल्या रिकाम्या घरावर बोट ठेवून तेथे राग उभा करता येत नाही, हे कुमार गंधर्वांच्या कार्यावरून शिकावे. देवासला आल्यावर माळव्याची लोकगीते त्यांनी वर्षानुवर्षे ऐकली, त्या धुनांत दडलेली स्वरवाक्ये ओळखली, आणि त्यांतून जे राग उमलले त्यांना धुनउगम असे नाव दिले. 1965 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अनूपरागविलास’ या ग्रंथात त्यांच्या बंदिशी स्वरलिपीसह दिल्या आहेत. म्हणजे प्रथम चलन, मग राग, आणि लक्षण सर्वांत शेवटी. डॉ. प्रभा अत्रे यांनी श्री. ना. दा. ठा. महिला विद्यापीठात संगीतविभागाचे प्रमुखपद सांभाळले, सरगम या विषयावर प्रबंध लिहिला, बंदिशी रचल्या, अपूर्व कल्याण, मधुरकौंस यांसारखे राग निर्माण केले, आणि या साऱ्याची कारणे लेखांतून व ग्रंथांतून स्वतः मांडली. प्रतिभा आणि चिकित्सा एकाच कंठात सुखाने राहू शकतात याचा त्यांच्याहून मोठा पुरावा माझ्या पिढीच्या स्त्रियांपुढे नव्हता. मी स्वतः नवा राग केलेला नाही. परिचित रागांत अजून इतके अनुच्चारित आहे की, ते उच्चारण्यातच माझे आयुष्य पुरे पडणार नाही, अशी माझी भावना आहे.

विद्यार्थ्यांसाठी मी वृंदगानाच्या रचनाही करते, आणि त्यांनी मला शास्त्राचा एक वेगळा धडा दिला. अनेक कंठ एकाच वेळी निरनिराळे स्वर गाऊ लागले की, पाश्चात्त्य संगीतात ज्याला हार्मनी म्हणतात तिचा प्रश्न उपस्थित होतो. भूपात हा प्रश्न सौम्य राहतो, कारण त्यातले पाचही स्वर षड्ज, पंचम, रिषभ, धैवत, गांधार असे पंचमभावाच्या एकाच साखळीतून निघतात. कोणतेही दोन एकत्र आले तरी कानाला बोचत नाहीत. मारव्यात मात्र षड्ज आणि कोमल रिषभ एकत्र उच्चारले गेले की, जी अस्वस्थता एका गळ्यात क्रमाने फुलायची ती एकदमच अंगावर कोसळते आणि राग विस्कटतो. म्हणून अशा रागांच्या वृंदरचनांत मी स्वरांचे थर न रचता लयीचे थर रचते: एक गट पालुपद ठाय लयीत धरतो, दुसरा तेच दुगुनीत घेतो, तिसरा केवळ न्यासाच्या स्वरांवर आकार लावतो, आणि तिन्ही गट समेला भेटतात. राग अबाधित राहतो आणि समूहाला समूहाचे सामर्थ्य मिळते.

या सर्व रचना कागदावर उतरवताना स्वरलिपीच्या मर्यादा रोज जाणवतात. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्रासाठी खाली बिंदू, तारसप्तकासाठी वर बिंदू, समेला गुणाकाराची खूण व खालीला शून्य, अशी सुटसुटीत चिन्हे आहेत. पलुसकर पद्धतीत मात्रांच्या अंशांची चिन्हे अधिक सूक्ष्म आहेत. परंतु दरबारीचा गांधार कोणत्याही पद्धतीने लिहिला तरी कागदावर ग एवढेच अक्षर व त्याखालची रेघ दिसते. त्याचे आंदोलन किती खोल, किती संथ, हे लिपी सांगू शकत नाही. येथे मी विद्यार्थ्यांना लिपीचा खरा उपयोग दाखवते. एकाच बंदिशीची दोन घराण्यांतली स्वरलेखने समोरासमोर ठेवली की, जेथे ती जुळतात तो रचनेचा सांगाडा, आणि जेथे जुळत नाहीत तेथे गायकाला रचनाकाराने मोकळीक दिलेली असते. स्वतःच्या बंदिशी लिहिताना या जाणिवेने मी काही जागा निश्चित करते व काही जाणीवपूर्वक मोकळ्या सोडते, आणि कोणत्या जागा कोणत्या कारणाने सोडल्या याचे टिपण प्रत्येक रचनेला जोडते.

अध्यापकाच्या आयुष्यात दप्तराचाही वाटा असतो, आणि त्याविषयी मौन राखणे योग्य होणार नाही. पदोन्नतीच्या अर्जासोबत जो तपशील सादर करावा लागे, त्यात शोधनिबंधांना रकाना होता, ग्रंथांना होता, परिसंवादांतील सहभागालाही होता, बंदिशींना नव्हता. रचना हे मनोरंजनाचे काम आणि निबंध हे ज्ञानाचे काम, असा त्यामागचा अलिखित दंडक होता. या दंडकाने ज्या रचनाकार अध्यापकांचे काम वर्षानुवर्षे गणतीत धरले गेले नाही, त्यांच्याविषयी मला आजही मनापासून हळहळ वाटते. मी अभ्यासमंडळाकडे एक सविस्तर टिपण पाठवले. त्यात भातखंड्यांच्या लक्षणगीतांचा दाखला दिला होता: ज्या रागाचे गीत, त्याच रागाची लक्षणे गीताच्या शब्दांत गुंफलेली, म्हणजे शास्त्राचे प्रकरण आणि बंदिश एकरूप झालेली. आचार्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांचाही दाखला दिला होता. खैरागडच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे कुलगुरुपद भूषवणाऱ्या या पंडिताने ‘अभिनव गीतमंजरी’तून स्वतःच्या रचना शिक्षणासाठी उपलब्ध करून दिल्या. पत्रव्यवहार बराच काळ चालला, मसुदे फिरले, मुदती वाढल्या. आणि रकान्याचा मामला अनिर्णित राहिला तरी शास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न रचनेचा असावा, ही माझी तजवीज मंजूर झाली.

त्या प्रश्नाचे स्वरूप असे आहे. विद्यार्थ्याला एक राग व एक ताल दिला जातो. त्याने अस्ताई रचून ती स्वरलिपीत लिहायची, आणि तिच्याखाली आपल्या निर्णयांची कारणे द्यायची: सम या स्वरावर का, उठाव या मात्रेपासून का, अमुक स्वर टाळला तो नियम म्हणून की कानाला नको वाटला म्हणून. प्रथम बहिःस्थ परीक्षकांनी गुण कसे द्यावेत याविषयी चिंता व्यक्त केली. आता तेच सांगतात की, विद्यार्थ्याचे खरे ज्ञान याच उत्तरात कळते. एका मुलाने देशकाराची रचना करून लिहिले होते की, स्वर भूपाचेच असल्याने उत्तरांग बळकट ठेवण्यासाठी आपण सम धैवतावर ठेवली आणि गांधारावर दोनदा येऊनही तेथे थांबलो नाही. दुसऱ्या एका मुलीने एका रागाच्या प्रचलित वादीशी असहमती नोंदवली, आणि आपल्या गुरूंकडून मिळालेल्या चार बंदिशींच्या समा कोठे येतात ते दाखवून ती सिद्ध केली. तिचे मत मला पटले असे नाही. परंतु तिने पुरावा ज्या जागेवरून आणला ती जागा योग्य होती, आणि शास्त्राच्या अध्यापकाला याहून मोठे समाधान नसते.

माझ्या बंदिशींपैकी कोणती टिकेल व कोणती विस्मरणात जाईल याचा निवाडा मी करू शकत नाही. तो गायकांच्या कंठांनी व्हायचा असतो, आणि त्याला वेळ लागतो. अध्यापनाविषयी मात्र मला निश्चित आशा आहे. ही मुले-मुली आता लक्षण वाचले की रचना मागतात, आणि रचना ऐकली की लक्षण शोधतात. नियमापुढे ती भयाने वाकत नाहीत आणि त्याला उद्दामपणे झुगारतही नाहीत. त्यांच्यापैकी कोणाची तरी एखादी बंदिश पुढच्या पिढीला कंठस्थ होईल, आणि तिच्या आधाराने एखाद्या रागाचे लक्षण नव्याने लिहावे लागेल, तेव्हा आमच्या विभागात शास्त्र शिकवले गेले असे खात्रीने म्हणता येईल.